चंद्रकला सिस्टर अन् रुसलेला वरपक्ष

"जोर नका लावू! पहिले श्वास घ्या. लंबा. हं... आता सोडा हळूहळू. शाब्बास वं माझी बाई!"

ही बाई म्हणजे मी. मुकुंद, एसटीतला रिटायर कंडक्टर, मिशा पांढऱ्या, पोट पुढं. अन् मले बाई म्हणणारी चंद्रकला सिस्टर. तिची तरी काय चूक? सारी नोकरी तिनं बाळंतपणाच्या खोलीत काढली, तोंडातून तेच निघे. कोरोनाची दुसरी लाट आली, मोठ्या दवाखान्याईत खाट मिळेना, तवा कामठी रोडवरच्या या लहानशा ट्रस्टच्या दवाखान्याले हुकूम आला की बाळंतिणी दुसरीकडे पाठवा अन् हे पेशंट घ्या. असे आम्ही म्हातारे तिथं येऊन पडलो. भिंतीवर गुबगुबीत पोराईचे फोटो, डोक्यावर 'आईचे दूध हेच बाळाचे अमृत' अशी पाटी, अन् तिच्या खाली आम्ही, नाकात नळ्या. बायकोनं व्हिडिओ कॉलवर ती पाटी वाचली अन् मी मरून राहिलो हे विसरून हसत सुटली. मले भयंकर राग आला. मले राग लवकर येते, ते तुम्हाले पुढं दिसनच.

चंद्रकला पौनीकर, राहणार पाचपावली. बाप हातमागावर लुगडी विणे. एकदा तिनं मले सांगितलं, "घरात सूत गुंतलं की मले बसवत. मी घंटा न् घंटा बसून एकेक धागा सोडवत होती, म्हणून माझ्यात एवढा धीर आला." मी मान डोलावली. तशी म्हणते कशी, "खोटं आहे भाऊ. मी कैचीनं कापून टाकत होती, अन् बाप मले झोडपे." अशी बाई. सरळ एक गोष्ट सांगन तं शपथ.

अन् तिचा दुसरा धंदा म्हणा, शौक म्हणा, स्थळं जमवायचा. जे पोट्टं तिच्या हातावर जन्मलं, ते मोठं झालं की त्याचं लग्नही तीच जमवे. खानदान तिले माहीत, मायबापाचा स्वभाव तिले माहीत, पोरगा जन्मतानी किती आडवा आला होता तेही ती मुलीवाल्याईले सांगे. सलाइन लावाले आली की पहिला सवाल, "काहो, घरात लग्नाचं कोणी आहे का?" तुम्ही उत्तराचा विचार करेपर्यंत सुई आत गेली राहे. माझ्या पुतण्यासाठी तिनं तिथंच उमरेडची पोरगी सुचवली होती. नाही जमलं ते सोडा.

एप्रिलचा महिना, नागपूरचं ऊन, अन् हवेनं रोग पसरते म्हणून कूलर बंद. त्या उकाड्यात ती डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचा सूट घालून फिरे. चेहरा दिसे नाही, पण आवाज अख्ख्या वार्डात. डॉक्टर एकच, श्वेता मॅडम. त्याही बाळंतपणाच्याच. फुफ्फुसाचं काही अडलं की मोठ्या दवाखान्यातल्या आपल्या सरांले फोन करत, नीट समजून घेत अन् मग आम्हाले हात लावत. पोरगी घाबरलेली होती, पण एक दिवस घरी बसली नाही. मले तिचं लय कौतुक वाटे. म्हटलं नाही कधी तिले, म्हणाले पाहिजे होतं.

आता इलाज काय होता तं ऐका. ऑक्सिजन होता, तोही मोजून मापून. औषध कधी येई, कधी नाही. म्हणून मुख्य इलाज होता पालथं पडणं. पोटावर झोपलं की फुफ्फुसाची दबलेली बाजू मोकळी होते, म्हणे. ऐकाले सोपं वाटते. माझ्यासारखं पोट घेऊन पडून पाहा एकदा! सिस्टरनं बाळंतिणीच्या साऱ्या उशा आणल्या, एक छातीखाली, एक कमरेखाली, अन् मले त्यावर असं ठेवलं जसं पापड वाळू घालतात. मी वैतागून विचारलं, "किती वेळ पडू असा?"

"पोरगं होईपर्यंत," ती म्हणाली अन् पुढच्या खाटेकडे गेली.

त्यापेक्षा जास्त लागलं तं एक मशीन होती. बायपॅप म्हणत तिले. तोंडावर घट्ट मास्क बांधायचा अन् मशीन जोरानं हवा आत ढकलते. मास्क वेगळे होते, पण मशीन एकच. ज्याले सगळ्यात जास्त गरज त्याले ती लागे, अन् आतापर्यंत त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. मग आले बाबनराव अन् रुपराव.

दोघंही रामटेककडचे, धानाची शेती. बाबनरावची पोरगी अंजू रुपरावच्या घरात दिलेली. म्हणजे हे एकमेकाचे व्याही, आमच्याकडे इवाई म्हणतात. अंजूले सातवा लागला म्हणून डोहाळजेवण केलं. पन्नास माणसाईची परवानगी होती. आता आमच्याकडे पन्नास माणसं तं नुसती वाढाले लागतात! तिथं दोघं मांडीले मांडी लावून नाही, समोरासमोर बसले, अन् दोघंही हा रोग घेऊन उठले. अंजू तेवढी वाचली, देवाची कृपा.

गाडीतून उतरतानीच तमाशा. स्ट्रेचर एक. धाप बाबनरावले जास्त, पण तो हात जोडून उभा, "पहिले इवाईबुवाले घ्या." आत आल्यावर खिडकीजवळची खाट इवाईबुवाले. चहा आला, पहिला कप इवाईबुवाले. रुपरावचं जेवण होईपर्यंत हा डबा उघडे नाही. रुपराव संडासले जाले उठला की हाही नळीसकट उठून उभा राहे. मी तं एकदा ओरडलोच, "अगा, हा वार्ड आहे का मांडव?"

"पोरीचा बाप आहो भाऊ," बाबनराव म्हणाला. "मान द्यावाच लागते."

रुपराव भिंतीकडे पाहत बसे. मले वाटलं, लय ताठ्याचा माणूस दिसते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी बाबनरावचा ऑक्सिजन घसरला. ओठ काळे-निळे, एक वाक्य बोलाले तीन श्वास. नशिबानं मशीन मोकळी होती, आदल्या दिवशीच तिच्यावरची मावशी बरी होऊन साध्या ऑक्सिजनवर आली होती. श्वेता मॅडमनं सांगितलं, "बाबनरावांना लावा, लगेच."

सिस्टर मास्क घेऊन गेली, तं यानं तिचा हात धरला. "इवाईबुवाले... लावा. त्याईलेही... धाप आहे."

"त्याईले साध्या ऑक्सिजनवर भागून राहिलं. तुम्हाले नाही भागत."

"पहिले... त्याईले."

तिकडून रुपराव ओरडला, "मले नको! त्याले लावा!"

आता इथंच तं घोटाळा. आमच्याकडे मानाचा माणूस पहिल्यांदा नको म्हणतेच. पुरणपोळी वाढा, नको. धोतर-टोपी द्या, नको. नको म्हणणं म्हणजे आणखी आग्रह करा. बाबनरावनं त्या नकोले नको मानलंच नाही. "ते तसंच म्हणन," तो सिस्टरले म्हणाला. "तुम्ही... आग्रह करा."

मॅडमनं समजावलं. चिडल्या, मग हात जोडले. मास्क जबरीनं लावला तं यानं ओढून काढला. नांगर धरणारा हात, त्या पोरीच्यानं काय आवरते? सिस्टरनं मग आपलं डोकं चालवलं. "ठीक आहे, मान वरपक्षाचा. पहिले पाच मिनिटं त्याईले लावते, मग तुमची पाळी. कबूल?" बाबनरावनं मान हलवली. झालं, रुपरावच्या तोंडाले मास्क बांधला. पाच मिनिटं झाली, ती काढाले गेली, तं हा हात वर करते!

"राहू द्या. पाहा... किती बरं दिसून राहिले ते. संध्याकाळपर्यंत... राहू द्या."

सिस्टरनं कपाळाले हात लावला. "मी बाया पाहिल्या हो! चुलीची राख खाणाऱ्या पाहिल्या, नवऱ्याचं मनगट चावणाऱ्या पाहिल्या. पण असं हट्टी बाळंतपण आजवर नाही केलं!"

आम्ही हसलो. बाबनरावही हसाले गेला, अन् त्याले जो खोकला आला, तो थांबेच ना. तवा आमचं हसणं बंद झालं. खोकला बसल्यावर त्यानं सिस्टरले जवळ बोलावलं. माझी खाट बाजूचीच, म्हणून मले ऐकू आलं.

"सिस्टर, पोरगी... त्याईच्या घरी आहे. उद्या त्याईले काही झालं... अन् मशीन माझ्या तोंडावर होती... तं लोकं तिले काय म्हणन? तुह्या बापानं सासऱ्याची हवा घेतली म्हणन. जिंदगीभर... ऐकावं लागन तिले."

माझा सारा राग तिथंच विरघळला. अरे, हा वेडा नाही. हा बाप आहे, अन् याले आपल्या लोकाईची तोंडं चांगली माहीत आहेत. पण म्हणून माणूस आमच्या डोळ्यादेखत मरू द्यायचा का?

रुपरावनं मास्क ओढून फेकला. "लोकाईच्या तोंडात माती! मी बोलीन का तिले? लेक आहे माझी ती!" अन् तो ताठ्याचा माणूस लहान पोरासारखा रडाले लागला. सिस्टर त्याच्या खाटेवर बसली. तो तिले म्हणाला, "बाई, हा बाबन्या माझा दोस्त आहे. व्याही नंतर झाला. गडाच्या पायथ्याशी आम्ही दोघं एका सायकलवर फिरलो, बागवानाची सीताफळं चोरली, मार खाल्ला. अबे रुप्या, साल्या रुप्या, याच्याशिवाय यानं मले कधी हाक नाही मारली. म्हटलं पोराले याचीच पोरगी करू, म्हणजे म्हातारपणी एका ठिकाणी बसू. अन् लग्नाच्या दिवसापासून याचं सुरू झालं. अहो इवाईबुवा. बसा इवाईबुवा. माझ्या बरोबरीनं खाटेवर बसत नाही हा. सोयरीक केली अन् दोस्त गेला माझा. आता खराच जाऊन राहिला."

सिस्टरनं त्यानं फेकलेला मास्क उचलला. मग तिनं हळूच विचारलं, "रुपरावभाऊ, लग्नात रुसले होते का तुम्ही?"

"नाही वं. दोस्ताच्या मांडवात कोण रुसन?"

"पोराचा बाप असून रुसले नाही?"

"नाही म्हटलं ना!"

"मग तुमचा एक रुसवा बाकी आहे," सिस्टर म्हणाली. "तो आता काढा."

सिस्टरनं त्याले सारं कानात सांगितलं, पण तिचं कानात सांगणं म्हणजे बस स्टँडवरची घोषणा, मले सगळं ऐकू आलं. "अन् रुसायचं तं नीट रुसा. असं उताणं पडून कोणी रुसते का? पाठ फिरवा, तोंड उशीत घाला, पालथे पडा. तोंड दाखवायचं नाही." आता हा रुपराव आल्यापासून पालथं पडाले तयार नव्हता. कंबर दुखते, दम घुटते, हजार बहाणे. या बाईनं त्यालेही पालथा पाडला, अन् वर मान दिल्यासारखं पाडला! मी मनात म्हटलं, वा गे बाई, तुले एसटी महामंडळ चालवाले द्याले पाहिजे.

मग ती बाबनरावच्या खाटेशी गेली. लग्नात मध्यस्थ बाई जशी उभी राहते तशी हात बांधून उभी. पदर नव्हता तं प्लास्टिकची टोपीच सारखी केली.

"बाबनरावभाऊ, घोटाळा झाला. वरपक्ष रुसला."

बाबनरावचे डोळे एवढाले झाले. त्यानं मान वळवून पाहिलं, तं इवाईबुवाची पाठ. "काय... झालं? काय कमी पडलं... माझ्याकडून?"

"म्हणतात, आम्ही सांगतो अन् व्याही ऐकत नाही, हा आमचा अपमान आहे. व्याह्यानं मशीन लावून घ्यावी. अन् नीट बरा होईपर्यंत उतरवू नये. नाही तं आम्ही ना बोलू, ना तोंड दाखवू, ना पोरीच्या माहेराले येऊ."

"पण लोकं..."

"लोकं काय म्हणन? वरपक्षानं मागितलं अन् पोरीच्या बापानं दिलं, एवढंच म्हणन. अन् साक्षीदार आहे ना." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मुकुंदभाऊ. सरकारी माणूस."

मी उशीतून मान वर केली अन् जेवढा दम होता तेवढा लावून सांगितलं, "मी साऱ्या रामटेकले सांगीन! बसमध्ये उभा राहून सांगीन!"

बाबनरावनं त्या पाठीकडे आणखी एकदा पाहिलं. पोरीचा बाप सारं सहन करन, पण रुसलेला व्याही? नाही. त्यानं डोळे मिटले, हात खाली सोडले अन् मास्क बांधून घेतला.

मग सुरू झाला असा रुसवा, जो मी कोण्या लग्नात पाहिला नाही. रुपराव दिवसभर पालथा, तोंड भिंतीकडे. सिस्टर त्याले चादरीखालून खिचडी देई अन् तो रुसलेला माणूस चोरून खाय. बाबनराव मास्कमधून मले खुणेनं विचारे, अजून? मी मान हलवो, अजून. तो बिचारा मास्क आणखी घट्ट धरे. अंजूचा फोन आला की सिस्टर सांगे, "तुहा बाप मशीनवर आहे अन् सासरा रुसला आहे. तू आपली जेव." ती पोरगी काय समजली असन देव जाणे.

पण एक दुपार वाईट आली, ती सांगतोच. बाबनरावचा ऑक्सिजनचा आकडा मशीन असूनही उतराले लागला. मॅडम फोनवर सरांशी बोलत होत्या अन् दुसऱ्या हातानं मशीन कमीजास्त करत होत्या. त्याईनं विचारलं कुठं खाट आहे का, अतिदक्षता विभागात. नव्हती. सिस्टर बाबनरावच्या उशाशी बसली, त्याचा हात हातात घेतला अन् आपलं नेहमीचं सुरू केलं. "घे श्वास. मशीनसंगं घे, तिच्याशी भांडू नको. हं. सोड. आता थकायचं नाही बाई, आता तं डोकं दिसून राहिलं. घे आणखी एक."

कोणी हसलं नाही. रुपरावचं तोंड उशीतच. तिनं त्याले ताकीद दिली होती की तुम्ही वळले तं रुसवा संपला अन् हा मास्क काढन. तो मले हळूच म्हणाला, "कंडक्टरसाहेब, पाहून सांग ना. आहे का?"

"आहे. छाती हलून राहिली."

थोड्या वेळानं परत, "आहे का?"

"आहे गा."

किती वेळा विचारलं त्यानं! मी दर खेपेस पाहिलं अन् खरं तेच सांगितलं, अन् दर खेपेस पाहाच्या आधी देवाचं नाव घेतलं. मले त्या माणसाचं नावही हप्ताभरापूर्वी माहीत नव्हतं. ऊन कलल्यावर आकडा थांबला, मग एकेक करत चढाले लागला. सिस्टर उठली, तिचा पाय मुंग्या येऊन सुन्न झाला होता, ती लंगडत गेली अन् आम्हाले म्हणाली, "काय पाहता? पालथे पडा सारे!"

त्यानंतर तो सुधरतच गेला. मशीन दिवसातून थोडी थोडी कमी केली, मग सुटली. इकडे रुपरावचाही आकडा असा वाढला की मॅडमनं सरांले फोनवर सांगितलं. सरांनी विचारलं, कोणतं औषध दिलं? मॅडम म्हणाल्या, "सर, ते रुसलेत." अन् फोन हातात धरून त्या हसत सुटल्या. आल्यापासून पहिल्यांदा त्या पोरीले मी हसतानी पाहिलं.

मशीन सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबनराव खाटेवरून उतरला. नाकातली नळी लंबी करून दिली सिस्टरनं. भिंत धरत, थांबत थांबत तो रुपरावच्या खाटेपाशी गेला अन् पायथ्याशी हात जोडून उभा राहिला.

"इवाईबुवा, झालं तुमच्या मनासारखं. आता उठा. राग सोडा. काय पाहिजे ते मागा, बैलजोडी म्हणाल तं बैलजोडी देतो."

रुपराव उशीतून बोलला, "बैल नको."

"मग?"

"माझा बाबन्या पाहिजे. मले अबे म्हणणारा."

बाबनराव गडबडला. आमच्याकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. "असं कसं इवाईबुवा? पोरीचा बाप आहो मी. नाही जमत ते."

"मग जा. मी रुसलेलाच बरा."

सिस्टरनं रुपरावच्या बोटाले आकडा पाहाचा चिमटा लावला. "रुसू द्या त्याईले. वाढूनच राहिला यांचा आकडा."

बाबनराव उभाच. पाय कापत होते त्याचे, पण बसे ना. त्या खाटेवर बसायचं म्हणजे व्याह्याच्या बरोबरीनं बसायचं, लग्न झाल्यापासून तो बसला नव्हता. मले वाटलं आता हा पडते, मी उठाले गेलो, तं सिस्टरनं मले डोळ्यानं दाबलं. बाबनरावच्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, हात पुढं केला अन् रुपरावच्या कमरेले कोपरानं ढोसलं.

"सरक बे, रुप्या."

रुपराव सरकला. एवढ्या लहान खाटेवर तो एवढा मोठा माणूस भिंतीले चिकटून गेला, पण वर पाहे नाही, उशी ओली होऊन राहिली होती त्याची. बाबनराव त्याच्या बाजूले बसला, अन् बसल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवून धापा टाकत राहिला.

दारातून सिस्टर ओरडली, "ओ! एका खाटेवर एकच पेशंट! नियम आहे दवाखान्याचा!"

अन् मग उठवाले कोणी आलंच नाही.